लेह आणि अंदमानच्या मधला आळेफाटा

किस्से कसे साचतात सांगू? कोणी मुद्दाम ते साठवायला बसत नाही. गप्पांच्या नादात कपातला चहा बशीत सांडत राहतो, आणि एकदा बघावं तर बशी भरलेली! आमच्या दुकानाचं तसंच झालं. गिऱ्हाईक तिकीट काढो न काढो, किस्सा मात्र ठेवून जायचं.

आमचं दुकान ओतूरच्या एसटी स्टँडसमोर. आमचं मूळ राजस्थानातलं, पण आजोबांपासून इथलेच. जेवताना गट्ट्याची भाजी आणि भांडताना जुन्नरी मराठी! वडिलांचा किराणा होता. मी त्याला एसटीडी बूथ जोडला, आणि मग एक दिवस जोश आला म्हणून बाहेर पाटी लावली : 'येथे विमानाची तिकिटे मिळतील.'

मी स्वतः तोवर विमान फक्त खालून बघितलेलं. पण पाटी लावायला विमानात बसावं लागतं असा काही कायदा आहे का? पुण्यातल्या एका एजंटाला फोन करायचा. तो तिकीट काढून पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. बस्स, झाला धंदा.

दुकानात दोन माणसं कायमची. एक सदाभाऊ, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. दुसरे गुरुजी, जन्मभर भूगोल शिकवून रिटायर झालेले. दोघांनाही विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि दोघांचंही विमानाबद्दल मत होतं!

* * *

एक दिवस हौसाक्का आल्या. मळ्यात एकट्या राहायच्या, दोन म्हशी सांभाळायच्या आणि पोरांना फोन करायला आमच्याकडे यायच्या. आल्या आल्या म्हणाल्या, "आरं हसमुख, लेहवरनं अंदमानला इमानानं किती तास लागत्यात?"

मला वाटलं आक्का चेष्टा करतायत. म्हटलं, "आक्का, लेहहून अंदमानला कोण जातंय?"

"माझं पोरगं!"

खरंच की. आक्कांचा संपत लेहला रस्त्याच्या कामावर डोझर चालवायचा. लेक मंदा दिली होती अंदमानात, जावई पोर्ट ब्लेअरच्या बंदरात नोकरीला. म्हणजे एक मूल देशाच्या डोक्यावर, दुसरं पार पायाच्याही खाली समुद्रात. मंदाच्या लग्नात संपतने नवरदेवाचा कान पिळला, मान घेतला, आणि दुसऱ्या दिवशी जो लेहला गेला तो गेलाच. बहीणभावाची त्यानंतर गाठ नव्हती.

आता मंदाला मुलगा झाला होता, ओंकार. त्याचं जावळ काढायचं होतं. आणि जावळ म्हणजे मामाच्या मांडीवर! पहिल्या वर्षी, नाहीतर तिसऱ्या, नाहीतर पाचव्या. जोडीच्या वर्षी चालत नाही. तोवर केसाला कात्री नाही.

गुरुजींनी शाळेतून आणलेला जुना नकाशा टेबलावर पसरला, माझ्या वाण्याच्या रिळातला दोरा काढला, लेहवर एक टोक धरलं, पोर्ट ब्लेअरवर दुसरं. दोरा पट्टीवर मोजला आणि वर्गात सांगावं तसं जाहीर केलं, "तीन हजार किलोमीटरला जरा कमी. विमानाला पावणेचार तास!"

"एवढंच?" आक्कांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी पुन्याच्या यष्टीपेक्षा वाईच जास्त."

मी एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, सरळ विमानच नाही. लेहहून दिल्ली, दिल्लीहून कलकत्ता नाहीतर मद्रास, आणि तिथून पोर्ट ब्लेअर. दोन दिवस धरा.

आक्का अशा भडकल्या! "दोन दिस? इमान काय ढकलत नेत्यात का?"

* * *

त्याचं कारण मला नंतर कळलं. लेहला दुपारी डोंगरातून वारं सुटतं, म्हणून विमानं सगळी सकाळची. पोर्ट ब्लेअरलाही दुपारनंतर हवा बिघडते, म्हणून तिथलीही सकाळचीच. एकीकडून निघून दुसरीकडे पोचेपर्यंत तिथलं दार बंद. मध्ये कुठंतरी रात्र काढणं आलंच.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा सदाभाऊंनी मान हलवली आणि म्हणाले, "कळलं! दोन्हीकडं मुक्कामी गाडीच न्हाई. ही चूक वरची हाय, डेपो मॅनेजरची."

* * *

याच दिवसांत बेल्ह्याचा दगडूभाऊ आला. बैलांचा व्यापारी, मोटारसायकलवरून उतरला तो अंगाला बाजाराचा वास घेऊनच. त्याला हरियाणात म्हशी बघायला जायचं होतं.

"पुण्यावरनं दिल्ली किती येळ?"

"दोन तास."

दगडूभाऊने खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला, आणि टॉवेलाखाली माझी बोटं दाबली. बैलाचा सौदा असाच होतो. बोटांनीच बोली, बाजूच्याला पत्ता लागत नाही. मला वाटलं तिकिटाचा भाव करतोय. पण त्याने डोळा बारीक करून कानात सांगितलं, "दीड!"

"काय दीड?"

"तास! दोन लई व्हत्यात, शेठ. दीडमंदी बसवा."

म्हटलं, "दगडूभाऊ, तास काय माझ्या बापाचे आहेत का कमी करायला?" तर म्हणाला, "आमी म्हशीचं वय कमी करतो, तुमाला अर्धा तास जमंना?"

हौसाक्का बाजूला फोनसाठी थांबल्या होत्या. दगडूभाऊ गेल्यावर त्यांनी हळूच आपला पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "हसमुख, माझ्या संपतचं बी बघ की काय कमी व्हतंय का."

त्या हसत होत्या. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं. बाईला खरंच काही तास कमी करून हवे होते.

* * *

पहिल्या वर्षी सगळं ठरलं. मंदा आणि जावई बाळाला घेऊन ओतूरला आले. बाळाच्या मानेवर कुरळे केस आलेले. आक्कांनी बेल्ह्याच्या बाजारातून बोकड आणला, आचारी सांगितला, मांडवाचे बांबू पडले.

आणि लेहला बर्फ पडला! विमान बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी संपतचा फोन, "विमान आलं होतं आई, वरनं घिरट्या घातल्या आणि परत गेलं. खाली उतरलंच नाही."

हे ऐकून सदाभाऊ पेटले. "पॅसेंजर खाली उभा, आनि गाडी न थांबता गेली? लाव रं फोन त्यांच्या हाफिसला!" मी दिल्लीचा नंबर लावून दिला. सदाभाऊंनी रिसीव्हर कानाला घट्ट धरला आणि हिंदी सुरू केलं, "हॅलो! हम ओतूर से बोलता है! हमारा एक पॅसेंजर बर्फ में अटक्या है! लेह का गाडी छोडना मत! दो मिनिट थांबाव!"

पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, "सर, मौसम खराब है। मैं क्या करूँ?"

सदाभाऊ म्हणाले, "घंटी मारो और थांबाव! हम बत्तीस साल थांबाया है!"

विमान काही थांबलं नाही. जावयाची रजा संपली, मंदा बाळाचे केस घेऊन तशीच परत गेली. बोकडही वाचला. मी जैन माणूस. तोंडावर दुःख होतं, पण मनात म्हटलं, चला, एक जीव तरी सुटला! आक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बोट रोखलं, "तूच नवस केला असशील! तुझ्यामुळंच इमान उतारलं न्हाई!"

* * *

तिसऱ्या वर्षी उलटं झालं. संपत वेळेत आला. रापलेला, ओठ फुटलेले, पण आला! आक्का दुकानात पेढे घेऊन आल्या. आणि तिकडे अंदमानात वादळी पाऊस. मंदा विमानतळावर बाळाला घेऊन बसलेली, आणि वर आलेलं विमान परत मद्रासला.

गुरुजी म्हणाले, "हौसाबाई, भावकीतला एखादा चुलत मामा बसवा मांडीवर घेऊन. शास्त्रात चालतं." गुरुजींचं शास्त्र मला माहीत होतं, ते जागेवर तयार व्हायचं.

आक्का त्यांच्यावर अशा उखडल्या की गुरुजींनी चहा अर्धा टाकला. "सख्खा मामा धडधाकट असताना दुसऱ्याच्या मांडीवर? आवं, दोनच लेकरं हायेत मला! ती बी येकमेकाला इसरली तर मी मेल्यावर कोन कुनाचं?"

आम्ही इतके दिवस जावळ जावळ करत होतो, पण आक्कांना केसांचं काही पडलं नव्हतं. त्यांना बहीणभाऊ एका जागी बसलेले बघायचे होते. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. मी उगाच सदाभाऊंवर खेकसलो, "पाय खाली घ्या हो बाकावरून!"

संपत रजा संपवून परत गेला. बोकड आता मळ्याचा मालक झाला होता. दारात आलेल्याला शिंगं दाखवायचा.

* * *

पुढे मंदाने फोटो पाठवला. ओंकारच्या दोन वेण्या, वर लाल रिबिनी! आमच्या दुकानात ज्याने त्याने विचारलं, "नात का आक्का?" आक्का म्हणायच्या, "नातू हाय! मामा बर्फात हाय म्हनून नात दिसतीया!"

मामाशी मात्र पोराची घट्ट दोस्ती होती, सगळी फोनवर. दर रविवारी संपत लेहहून फोन करायचा, भाच्याला डोझरचा आवाज काढून दाखवायचा, आणि पोरगं तिकडे खिदळायचं. मंदा सांगायची, रविवारी फोनची घंटा वाजली की हा दुसऱ्या कोणाला उचलू देत नाही. "मामाचाय!" म्हणून धावतो.

* * *

पाचवं वर्ष लागलं. हे शेवटचं. आणि बातमी अशी आली की माझाच धीर खचला. संपतला बर्फ काढायच्या कामावर ठेवलेलं, रजा मोजकी. ओतूरला येऊन परत लेह गाठायचं तर सगळी रजा रस्त्यात जाणार. जावयाला तर रजाच नाही. मंदा एकटी पोराला घेऊन ओतूरपर्यंत कशी येणार?

मी आक्कांना सांगितलं, "आक्का, यंदा पण कठीण दिसतंय."

आक्का बाकावर बसल्या. स्टँडवर आळेफाट्याची गाडी लागली होती. एक बाई पोर कडेवर घेऊन, पिशव्या सांभाळत चढत होती. आक्का तिच्याकडे बघत राहिल्या.

आमच्याकडे लेकीची ने-आण कशी होते, माहितीये ना? सासरच्याला इथवर यायला वेळ नसतो, माहेरच्याला तिथवर जायला. मग निरोप जातो, 'तुमी आळेफाट्यापतोर आना, आमी तितनं नेतो.' नगरकडची लेक असो, संगमनेरची असो नाहीतर कल्याणची, सगळ्या या चार रस्त्यांच्या आळेफाट्याला पोचत्या होतात. तिथे चहाच्या टपरीवर पिशव्या बदलतात, नातवंडं बदलतात, दोन डोळे पुसले जातात, आणि दोघं दोन गाड्यांनी आपापल्या वाटेला.

आक्का एकदम माझ्याकडे वळल्या. "हसमुख, लेह आनि अंदमानचा आळेफाटा कुटं?"

मी बघतच राहिलो!

गुरुजींनी नकाशा काढला. दोरा लावला, दुमडला, आणि दुमड जिथे पडली तिथे बोट ठेवलं. "बिहार-बंगालच्या हद्दीवर. इथे जंगल आहे."

"जंगलात उतरत न्हाईत इमानं," सदाभाऊ म्हणाले. "जवळचं स्टँड बघा."

बोट जरा उजवीकडे सरकलं. कलकत्ता! मी एजंटाला फोन लावला. पोर्ट ब्लेअरहून सकाळी निघालं की दुपारच्या आत कलकत्ता. लेहहून सकाळी निघून दिल्लीत विमान बदललं की संध्याकाळच्या आत कलकत्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आपापल्या दिशेला. पाच वर्षं आम्ही या दोघांना ओतूरला आणायच्या मागे होतो. निम्म्या वाटेचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही!

मी आक्कांना म्हटलं, "तुम्ही पण चला. तुमचंही तिकीट काढतो."

"मी कशाला? जावळ मामाच्या मांडीवर व्हतं, आजीच्या न्हाई. आनि म्हशीची धार काय तू काढनार हायेस?"

* * *

तो दिवस उजाडला. आक्का सकाळची धार काढून नवं लुगडं नेसून दुकानात येऊन बसल्या. आम्ही तिघं होतोच. मी त्या दिवशी गिऱ्हाइकांना बूथ बंद आहे म्हणून सांगितलं, शिव्याही खाल्ल्या.

पहिला फोन दिल्लीहून. संपत. "आई, लेहहून उडालं. पोचलो दिल्लीला." गुरुजींनी टाळी वाजवली.

पुढचा फोन मंदाचा, कलकत्त्याहून, तिच्या नवीन मोबाइलवरून. "आई, आम्ही उतरलो." आक्कांनी देवाला हात जोडले, मग फोनलाही जोडले.

दिवस कलायला लागला तेव्हा परत घंटा. मी स्पीकरचं बटण दाबलं. दोघं बहीणभाऊ एकदम बोलत होते आणि एकदम रडत होते. आक्का नुसत्या "हां... हां..." म्हणत होत्या. सदाभाऊंनी उगाच टोपी काढून झटकली.

मग कळलं, कात्री नाही! सदाभाऊंनीच दोघांना सांगितलेलं, परका मुलूख आहे, कात्री जवळ ठेवा. दोघांनी हातातल्या पिशवीत ठेवली, आणि दोघांची विमानतळावर तपासणीत काढून घेतली.

सदाभाऊ फोनमध्ये ओरडले, "जावळाची हाय म्हनून सांगायचं की!"

संपत म्हणाला, "सांगितलं, भाऊ. त्यांनी विचारलं जावळ म्हंजी काय. मी सांगेपतोर इमान सुटायची येळ झाली."

पण आमचा संपत खटपट्या. विमानतळाबाहेर, रस्त्याच्या कडेला झाडाला आरसा टांगून बसलेला एक न्हावी त्याने शोधला. बंगाल्याला खुणेने सगळं समजावलं. तो बिचारा कात्री धुऊन, कापड अंथरून तयार. मंदा केस झेलायला पदर पसरून तयार. मामा पेटीवर मांडी घालून तयार.

ओंकार तयार नव्हता!

फोनमधून त्याचं रडणं आम्हाला ऐकू येत होतं. मंदा समजावत होती, "अरे, मामा आहे तो. बस ना मांडीवर." आणि पोरगं जीव खाऊन ओरडत होतं, "हा मामा नाहीये! मामा फोनमध्ये असतो!"

संपतने डोझरचा आवाज काढून दाखवला, तर पोर आणखीच बिचकलं. अनोळखी माणूस तोंडाने घुर्र घुर्र करतोय म्हटल्यावर कोण बिचकणार नाही? न्हावी म्हणत होता, बाबू, अंधार पडेल.

पाच वर्षं, दोन टोकांची विमानं, आणि सगळं येऊन अडलं ते चार हातांवर! मला आक्कांकडे बघवत नव्हतं.

आक्कांनी डोळे पुसले आणि फोनवर वाकल्या. आवाज एकदम म्हशीला दटावतात तसा. "संपत! रडू नको. तितं फोनचा डबा हाय का कुटं?"

"हाय आई. रस्त्यापलीकडं बूथ हाय."

"मग जा तितं. त्याच्या नजरंआड हो. आनि मंदीच्या मोबाइलवर फोन कर भाच्याला, रईवारी करतोस तसा. बोलत ऱ्हा. आनि मग तितनं हात हालवून त्याला म्हनावं, आता वळून बघ. मंदे, तू ठिव फोन."

फोन ठेवला गेला. सदाभाऊ दारात जाऊन उभे राहिले. स्टँडवर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. आक्का फोनवर हात ठेवून बसल्या होत्या. मी देवाचं नाव घेत होतो, खोटं कशाला सांगू.

किती वेळ गेला कोण जाणे. घंटा वाजली. आक्कांनीच उचलला. बटण दाबायचं मला सुचलं नाही, पण पोराचा आवाज एवढा मोठा होता की स्टँडपर्यंत गेला असेल.

"आजी! आजी! मामा फोनमधून बाहेर आला! मी त्याच्या मांडीवर बसलोय!"

मी बटण दाबलं. मागे कात्री चालल्याचा आवाज येत होता.

आक्कांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पदर तोंडाला लावला, आणि मग फोनमध्ये म्हणाल्या,

"घट्ट धरून ठिव त्याला, बाळा. उद्या सकाळच्याला इमान हाय त्याचं."